रेड लिस्ट कामाची आहे, पण रंगीत चकती पाहून थांबू नका: एक उंदीर, एक स्क्विड आणि चार मोफत संकेतस्थळांचे परीक्षण

चियापासचा चढणारा उंदीर म्हणजे टायलोमिस बुलारिस. हम्बोल्ट स्क्विड म्हणजे डोसिडिकस गिगास. या दोघांची वर्गीकरण आणि संवर्धन-दर्जा या दोन अंगांनी तुलना करायची, तर पदरचा पैसाही खर्च होत नाही. लागते ती सगळी माहिती चार ठिकाणी मोफत आहे: आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघाची, कोणत्या जातीला नष्ट होण्याचा किती धोका आहे ते सांगणारी रेड लिस्ट, सागरी जातींची जागतिक नोंदवही असलेले वर्म्स, अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्सचा मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेस, आणि नमुन्यांच्या व निरीक्षणांच्या नोंदी एकत्र करणारे जीबीआयएफ. हे परीक्षण या चौघांचे आहे.

जोडी मुद्दाम विजोड घेतली आहे. उंदीर मेक्सिकोच्या चियापास राज्यातला, झाडांवर राहणारा, जातीला नाव देताना आधार धरलेला मूळ नमुना जिथे मिळाला तेवढ्याच ठिकाणावरून ठाऊक असलेला. स्क्विड अख्ख्या पूर्व प्रशांत महासागरात पसरलेला, एक-दोन वर्षांत आयुष्य उरकणारा, आणि एकेका वर्षात १० लाख टनांहून जास्त पकडला गेलेला. दोघांना एकच मोजपट्टी लावली की मोजपट्टीचे गुणदोष लगेच उघडे पडतात.

आमचे गुण आधीच सांगून टाकतो. पाचपैकी वर्म्सला साडेचार, रेड लिस्टला चार, मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेसला चार, जीबीआयएफला साडेतीन. आणि शोधयंत्रात सगळ्यात वर येणारी ‘अमुक विरुद्ध तमुक’ छापाची आयती पाने असतात, त्यांना एक. तोही फक्त पान लवकर उघडते म्हणून.

त्या पानांची गोष्ट आधी संपवू. त्यांत दोन रकाने असतात आणि संघ, वर्ग, गण, कुल, दर्जा अशा ओळी. ओळी यंत्राने भरलेल्या असतात, त्यामुळे चुकाही ठरावीक असतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका बाजूला जाती आणि दुसऱ्या बाजूला अख्खा गट. डावीकडे नेमका टायलोमिस बुलारिस, उजवीकडे नुसता ‘स्क्विड’. स्क्विडच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि रेड लिस्ट दर्जा देते तो जातीला, क्वचित उपजातीला किंवा एखाद्या वेगळ्या समष्टीला, म्हणजे त्या जातीच्या एका भागातल्या प्राण्यांना; गटाला कधीच नाही. मग उजव्या रकान्यात जो दर्जा दिसतो तो कुठल्यातरी एका जातीचा उचललेला असतो, नाहीतर रिकाम्या जागी ‘धोका नाही’ भरलेले असते. दुसरी चूक जुन्या गणाची. बऱ्याच पानांवर स्क्विडचा गण अजून ट्यूथिडा लिहिलेला सापडतो. आता त्याचे दोन स्वतंत्र गण मानतात: डोळ्यावर पारदर्शक पडदा असलेले मायॉप्सिडा आणि डोळा थेट पाण्याला उघडा असलेले ईगॉप्सिडा. हम्बोल्ट स्क्विड दुसऱ्यातला. पानावर ट्यूथिडा दिसला की बाकीची माहितीही तितकीच शिळी असणार असे धरून चालावे.

आता नावे. इथे बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून थोडे सविस्तर.

सामान्य नावाने शोधू नका. ‘चढणारा उंदीर’ या अर्थाची इंग्रजी नावे निदान चार वेगवेगळ्या वंशांना आहेत. मध्य अमेरिकेचा टायलोमिस आणि दक्षिण अमेरिकेचा रिपिडोमिस हे दोघे क्रिसेटिडी कुलातले, पण वेगळ्या उपकुलांतले. आफ्रिकेचा डेंड्रोमस नेसोमायिडी कुलातला. दक्षिण आणि आग्नेय आशियातला, भारतातही सापडणारा व्हँडेल्युरिया म्युरिडी कुलातला, म्हणजे घरातल्या उंदराच्या नात्यातला. झाडावर चढायची सोय या सगळ्यांनी स्वतंत्रपणे कमावली आहे. लांब शेपूट आणि पकड घेणारे पाय पाहून त्यांना एका घरात बसवता येत नाही. एकट्या टायलोमिसमध्ये दर्जाचा पल्ला मोठा आहे. टायलोमिस न्यूडिकॉडस ‘कमी चिंतेचा’ आहे, तर चियापासमधले बुलारिस आणि टुम्बालेन्सिस हे दोन्ही ‘अतिसंकटग्रस्त’. नुसते ‘क्लाइंबिंग रॅट’ टाकून जी पहिली नोंद येईल ती उचलली, तर दर्जा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

उंदरासाठी मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेसवर जा. शास्त्रीय नाव टाकले की कुल, उपकुल, नाव देणारा, वर्ष, पहिल्यांदा दिलेले नाव आणि मूळ नमुन्याचे ठिकाण एकाच पानावर मिळते. इथे मिळते ते असे: रज्जुमान संघ, सस्तन वर्ग, कृंतक गण, क्रिसेटिडी कुल, टायलोमायिनी उपकुल, टायलोमिस वंश, नाव देणारे मेरियम, वर्ष १९०१, मूळ ठिकाण टुक्स्टला गुटिएरेझ, म्हणजे चियापासची आजची राजधानी. हा शेवटचा तपशील पुढे दर्जा समजून घेताना कामी येतो, म्हणून टिपून ठेवा. संपूर्ण यादी सीएसव्ही स्वरूपात उतरवता येते आणि प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो. तुमच्या तक्त्यात तो क्रमांक लिहायला विसरू नका, कारण सस्तनांच्या जातींची संख्या दर आवृत्तीत हलते. याच यादीत रेड लिस्टच्या दर्जाचाही रकाना आहे. तो उसना आहे. दर्जा नेहमी रेड लिस्टच्या मूळ पानावरूनच घ्यावा. अर्धा-एक गुण आम्ही इथेच कापला, कारण हा रकाना समोर दिसल्यावर मूळ पान उघडायची तसदी कोणी घेत नाही.

स्क्विडसाठी वर्म्स. हे २००७ पासून चालू आहे आणि बेल्जियममधली फ्लँडर्स मरीन इन्स्टिट्यूट ते सांभाळते. मृदुकाय प्राण्यांचा भाग मोलुस्काबेस या नावाने वेगळाही पाहता येतो. प्रत्येक नावाला एक आफिया क्रमांक असतो आणि नाव ‘स्वीकृत’ आहे की ‘अस्वीकृत’ ते ठळक लिहिलेले असते. अस्वीकृत असेल तर स्वीकृत नावाचा दुवा शेजारीच. डोसिडिकस गिगाससाठी उत्तर येते: मृदुकाय संघ, शीर्षपाद वर्ग, कोलिऑइडिया उपवर्ग, डेकापॉडिफॉर्मिस महागण, ईगॉप्सिडा गण, ओमॅस्ट्रेफिडी कुल, डोसिडिकस वंश. वंशात ही एकच जाती आहे.

दोन्ही नावे शेजारी ठेवली की एक बारकावा दिसतो. उंदराच्या नावापुढे ‘मेरियम, १९०१’ कंसाशिवाय असते. स्क्विडच्या पुढे ‘डॉर्बिनी, १८३५’ कंसात. कंस असणे म्हणजे जातीला नाव मिळाले तेव्हा ती दुसऱ्या वंशात होती आणि नंतर हलवली गेली. डोसिडिकस हा वंशच मुळी स्टीनस्ट्रुपने १८५७ मध्ये केला, मग १८३५ ची जाती त्यात जन्मजात असणार कशी? तक्ता करताना अनेक जण सगळ्या नावांना कंस लावतात किंवा सगळ्यांचे काढून टाकतात. दोन्ही चूक.

वर्म्सचे आणखी एक हत्यार म्हणजे नावे जुळवण्याची सोय. शंभर-दोनशे नावांची फाइल चढवायची, कोणता रकाना कशाचा ते सांगायचे, आणि जुळणीचा निकाल उतरवून घ्यायचा. निकालात ‘तंतोतंत’, ‘उच्चाराने जवळ’, ‘एका अक्षराच्या फरकाने जवळ’ आणि ‘संदिग्ध’ असे शेरे येतात. पहिला शेरा सोडून बाकी प्रत्येक ओळ हाताने तपासायची. शीर्षपादांमध्ये वंशाची नावे एकमेकांसारखी आहेत. शेपटाला ‘ट्यूथिस’ असलेली तर डझनावारी. यंत्राने सुचवलेले जवळचे नाव भलत्याच कुलातले निघू शकते. नाव देणाऱ्याचा रकाना फाइलमध्ये दिला असेल तर संदिग्ध ओळी बऱ्याच कमी होतात. उंदराचे नाव इथे शोधत बसू नका, हे सागरी जातींचे दफ्तर आहे.

तुलनेतल्या वर्गीकरणाच्या भागाबद्दल एक गोष्ट चौघांपैकी कोणीच सांगत नाही. एका ओळीत ‘गण’ आणि ‘गण’ समोरासमोर आले म्हणजे ते समान पातळीचे झाले, असे नाही. कृंतक गणात २,५०० च्या आसपास जाती आहेत, सस्तनांच्या सुमारे ४० टक्के, ईगॉप्सिडात काहीशे. पायऱ्यांची नावे तीच, उंची वेगळी. स्क्विडच्या बाजूला उपवर्ग आणि महागण लिहिणे अगदी रूढ, उंदराच्या बाजूला उपकुल महत्त्वाचे. त्यामुळे प्रामाणिक तक्त्यात काही खाने रिकामे राहतातच. ते रिकामेच ठेवा. दोघांचा सामाईक धागा ‘प्राणिसृष्टी’ या ओळीत संपतो आणि त्यांच्या वाटा ५० कोटी वर्षांहून आधी फुटल्या.

आता मुख्य सेवा. रेड लिस्ट १९६४ पासून आहे आणि आज तिच्यात १ लाख ६० हजारांहून अधिक जातींची मूल्यमापने आहेत. शोध चांगला चालतो, पान नीट मांडलेले आहे, आणि प्रत्येक मूल्यमापनाला स्वतःचा क्रमांक व कायमचा दुवा आहे. अडचण पानाच्या अगदी वरच्या भागातच आहे.

तिथे नऊ चकत्यांची एक रांग असते. डावीकडून: मूल्यमापन नाही, माहिती अपुरी, कमी चिंतेची, संकटाच्या जवळ, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, निसर्गातून नष्ट, नष्ट. जातीची चकती रंगीत, बाकीच्या फिक्या. चियापासच्या उंदराची चकती उजवीकडे, ‘अतिसंकटग्रस्त’वर. हम्बोल्ट स्क्विडची डावीकडून दुसरी, ‘माहिती अपुरी’वर, राखाडी. नवखा वाचक काय वाचतो? स्क्विड ‘कमी चिंतेच्या’ही डावीकडे आहे, म्हणजे आणखी निर्धास्त. हे साफ चुकीचे आहे. ‘माहिती अपुरी’ ही पायरी नाहीच; ती जाती नष्ट होण्याच्या बेतातही असू शकते आणि समुद्रभर सुखातही. ती चकती रांगेबाहेर, बाजूला काढून ठेवायला हवी. एक पूर्ण गुण यासाठी कापला.

आकडेवारीत आययूसीएन स्वतः ही काळजी घेते. एखाद्या गटातल्या किती टक्के जाती धोक्यात, हे काढताना तीन आकडे येतात. असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त यांची बेरीज भागाकारात वर, अंशाच्या जागी ठेवायची. खाली नष्ट जाती वगळून उरलेल्या सगळ्या ठेवल्या की खालचा अंदाज. खालून ‘माहिती अपुरी’ही वजा केल्या की मधला. आणि ‘माहिती अपुरी’ सगळ्या धोक्यात धरून वरच्या बेरजेत मिळवल्या, खाली पुन्हा पहिलाच भाजक ठेवला, की वरचा. शीर्षपादांत ‘माहिती अपुरी’चा वाटा फार मोठा असल्याने खालचा आणि वरचा आकडा एकमेकांपासून इतके लांब जातात की मधला एकटा देणे म्हणजे फसवणूकच. कोणी शीर्षपादांचा एकच टक्का सांगितला, तर तो तिन्हींतला कोणता ते विचारा.

पान वाचायचा क्रम असा ठेवा. चकती पाहा, लगेच खाली उतरा. पहिली नजर मूल्यमापनाच्या तारखेवर. संदर्भात छापलेले वर्ष प्रकाशनाचे असते; मूल्यमापन त्याच्या एक-दोन वर्षे आधीचे असू शकते, आणि चूक दुरुस्त करून पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे वर्ष आणखी पुढचे. दहा वर्षांपेक्षा जुन्या मूल्यमापनाला नूतनीकरण हवे, असे रेड लिस्ट स्वतःच मानते. दुसरी नजर निकषांच्या अक्षरांवर. तिसरी समष्टीच्या कलावर: वाढती, घटती, स्थिर, अज्ञात. ‘अज्ञात’ला ‘स्थिर’ समजू नका. दोन्हींत खाली जाणारा बाण नसतो एवढेच त्यांचे साम्य. मग समर्थनाचा परिच्छेद पूर्ण वाचा. तो सहसा पाच-दहा ओळींचाच असतो आणि दर्जा का दिला ते त्यातच सापडते.

निकषांची अक्षरे ए ते ई अशी पाच. ‘ए’ समष्टीतल्या घटीसाठी: १० वर्षे किंवा तीन पिढ्या यांतला जो काळ मोठा, त्यात ३० टक्के घट असेल तर असुरक्षित, ५० तर संकटग्रस्त, ८० तर अतिसंकटग्रस्त, घटीचे कारण थांबले, समजले आणि उलटवता येण्याजोगे असेल तर हेच उंबरे ५०, ७०, ९०. ‘बी’ लहान भौगोलिक क्षेत्रासाठी. ‘सी’ आणि ‘डी’ कमी संख्येसाठी, ‘ई’ गणिती प्रारूपासाठी. ‘ई’ फारच क्वचित दिसतो.

उंदरासारख्या जातीला ‘बी’ अंगच्या कपड्यासारखा बसतो. व्याप्तीचे क्षेत्र म्हणजे सगळ्या ठिकाणांना वेढणारा बहिर्वक्र बहुभुज: १०० चौरस किलोमीटरच्या आत तर अतिसंकटग्रस्त, ५,००० च्या आत संकटग्रस्त, २०,००० च्या आत असुरक्षित. वस्तीचे क्षेत्र म्हणजे २ बाय २ किलोमीटरच्या चौकटी टाकून जितक्या चौकटींत जाती सापडते त्यांची बेरीज: १०, ५०० आणि २,००० चे उंबरे. एकाच ठिकाणावरून ठाऊक असलेल्या जातीची एक चौकट, म्हणजे ४ चौरस किलोमीटर. उंबरा पार. एका बिंदूला बहुभुज काढताच येत नाही, तेव्हा व्याप्ती वस्तीइतकी धरायची असा नियम आहे. पण नुसते क्षेत्र लहान असून भागत नाही, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. तीनपैकी दोन अटीही पुऱ्या व्हाव्या लागतात: समष्टीचे विखुरलेले, फार लहान तुकडे होणे किंवा मोजकीच स्थाने, चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार. अतिसंकटग्रस्तसाठी स्थान एकच हवे. ‘स्थान’ म्हणजे नमुना गोळा केलेली जागा नव्हे. एकाच धोक्याने सगळ्या प्राण्यांना झटका बसेल असे क्षेत्र म्हणजे एक स्थान. मूळ ठिकाण वाढत्या राजधानीच्या शहराचे आहे, हे मघाशी टिपून ठेवले होते. अधिवासाची चालू घट दाखवायला तिथे प्रत्यक्ष उंदीर मोजावे लागत नाहीत, जंगल कमी होताना दिसले तरी पुरते. म्हणून इतक्या कमी माहितीवरही उंदराला ठाम दर्जा मिळतो.

स्क्विडकडे आकडे कितीतरी जास्त आहेत. दरवर्षीची पकड टनांत मोजलेली आहे, मोठ्या नराला-मादीला किती लांबी येते ते ठाऊक आहे, वयही तोल सांभाळणाऱ्या अवयवातल्या खड्यावरची वलये मोजून काढता येते. तरी दर्जा ‘माहिती अपुरी’. विरोधाभास वाटतो, पण निकष लावून पाहिले की उलगडतो. क्षेत्र प्रचंड, त्यामुळे ‘बी’ बाद. प्रौढ १०,००० पेक्षा कमी असण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे ‘सी’ आणि ‘डी’ बाद. उरला ‘ए’. पिढी साधारण वर्षा-दीड वर्षाची, तीन पिढ्या मिळून पाच वर्षेही होत नाहीत, म्हणून खिडकी १० वर्षांची. दहा वर्षांत एक-दोन एल निनो येऊन जातात. २००९-१० च्या एल निनोनंतर कॅलिफोर्नियाच्या आखातातले मोठे स्क्विड जवळजवळ दिसेनासे झाले आणि लहान आकारात, लवकर प्रौढ होणारे उरले. त्याआधीच्या दशकात हीच जाती उत्तरेला अलास्कापर्यंत पोचली होती. खिडकी कुठून सुरू केली त्यावर ‘घट’ ८० टक्के दिसेल किंवा वाढ दिसेल. घट आणि चढउतार वेगळे ओळखा असे मार्गदर्शक सूचनाच बजावतात, आणि इथे ते वेगळे करायला लागणारी अनेक दशकांची एकसंध मोजणी नाही. पकडीचे टन हा त्याला पर्याय नव्हे. जहाजे वाढली, स्क्विडला ओढून घेणारे त्यांच्यावरचे दिवे वाढले तरी टन वाढतात.

यात एक खोच आहे. रेड लिस्टच्या व्याख्येत ‘टोकाचे चढउतार’ म्हणजे साधारण दहापटीहून मोठे. स्क्विडची समष्टी याचे पुस्तकी उदाहरण ठरावी. पण चढउताराला गुण मिळतात ते फक्त ‘बी’ आणि ‘सी’मध्ये, जिथे क्षेत्र किंवा संख्या आधीच लहान असावी लागते. म्हणजे स्क्विडच्या बाबतीत सगळ्यात पक्का असलेला पुरावा कुठल्याच रकान्यात बसत नाही. मोजपट्टी चुकीची आहे असे नाही. ती नष्ट होण्याचा धोका मोजते, मासेमारी कोसळण्याचा नाही. कोट्यवधी उरलेली जाती नष्ट व्हायच्या कितीतरी आधी तिच्यावर पोट असलेली बंदरे ओस पडतात.

म्हणून तुलनेच्या तक्त्यात स्क्विडच्या बाजूला आणखी एक ओळ लागते: व्यवस्थापन कोणाकडे. दक्षिण प्रशांताच्या खुल्या समुद्रात हम्बोल्ट स्क्विडची मासेमारी एसपीआरएफएमओ या प्रादेशिक संघटनेच्या कक्षेत येते. किनारी देशांच्या आर्थिक क्षेत्रात त्या-त्या देशाचे नियम. ही माहिती रेड लिस्टच्या पानावर शोधून मिळणार नाही. उंदराच्या बाजूला तीच ओळ मेक्सिकोच्या राष्ट्रीय यादीने भरायची, एनओएम-०५९-सेमारनाट-२०१०. तिच्यात चारच दर्जे आहेत आणि ते रेड लिस्टच्या दर्जांशी एकास एक जुळत नाहीत. भाषांतर करून एकाच्या जागी दुसरा लिहू नका. साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत स्क्विडची एकही जाती नाही. शीर्षपादांतले नॉटिलस तेवढे परिशिष्ट दोनमध्ये आहेत, २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत घातलेले. ‘शीर्षपादांना साइट्सचे संरक्षण’ असे वाक्य कुठे दिसले तर ते नॉटिलसचे आहे.

शीर्षपाद म्हणजे सगळे निर्धास्त किंवा अज्ञात, असाही समज करून घेऊ नये. न्यूझीलंडजवळच्या खोल पाण्यातला छत्रीसारखा ऑक्टोपस ओपिस्थोट्यूथिस चॅथॅमेन्सिस अतिसंकटग्रस्त आहे. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांचा त्याला धोका. तळाशी राहणारा, सावकाश वाढणारा, लहान क्षेत्रातला प्राणी असला की हीच मोजपट्टी समुद्रातही नीट चालते. उलट राक्षसी स्क्विड आर्किट्यूथिस डक्स ‘कमी चिंतेचा’ आहे, कारण तो जगभर पसरलेला आहे. तो दुर्मिळ दिसतो तो आपल्याला, खोल पाण्यामुळे.

जाती तुटल्या की दर्जाचे काय होते, हेही तपासून घ्या. व्हँडेल्युरियात एकेकाळी निलगिरीचा उंदीर ओलेरासिया या दूरवर पसरलेल्या जातीतच धरत. वेगळा काढल्यावर ओलेरासिया ‘कमी चिंतेचा’ राहिला आणि निलगिरिका ‘संकटग्रस्त’ ठरला. प्राण्यांत काहीच बदलले नव्हते. स्क्विडमध्ये ओमॅस्ट्रेफिस बार्ट्रामी ही जगभरची एकच जाती मानत; २०२० मध्ये ती चार जातींत विभागली गेली. अशा वेळी वर्म्सवर चार नावे आणि जुन्या मूल्यमापनात एकच, असे चित्र दिसते. जुना दर्जा चौघांना वाटून देऊ नका. नव्या तिघांपुढे ‘स्वतंत्र मूल्यमापन पाहा’ एवढेच लिहा.

दर्जा बदललेला दिसला तर कारण पाहिल्याशिवाय ‘सुधारला’ किंवा ‘खालावला’ म्हणू नका. रेड लिस्टच्या आकडेवारीच्या पानावर तक्ता क्रमांक सात असतो; त्यात प्रत्येक बदल खरा आहे की नव्या माहितीमुळे किंवा वर्गीकरणामुळे झाला आहे ते अक्षराने दिलेले असते. बहुतेक बदल दुसऱ्या प्रकारचे निघतात.

नकाशांसाठी जीबीआयएफ. साडेतीन गुणांचे कारण संकेतस्थळ नसून त्यात येणारा माल आहे. उंदराच्या नोंदी उतरवताना आधाराच्या रकान्यात ‘जतन केलेला नमुना’ तेवढा ठेवा, स्थान-अनिश्चिततेचा रकाना पाहा, आणि राज्याच्या किंवा देशाच्या मध्यबिंदूवर बसलेले बिंदू काढून टाका. जुन्या नमुन्यांना अक्षांश-रेखांश नंतर दिलेले असतात. चिठ्ठीवर फक्त शहराचे नाव असेल तर बिंदू शहराच्या मुख्य चौकात पडतो आणि झाडावरचा उंदीर नकाशावर बाजारपेठेत राहताना दिसतो. स्क्विडच्या नोंदींत शून्य-शून्यवर पडलेले आणि जमिनीवर चढलेले बिंदू आधी गाळा.

असे गाळून उरलेले बिंदू जिओकॅट या क्षेत्र मोजणाऱ्या ऑनलाइन साधनात टाकले की व्याप्ती आणि वस्ती आपोआप मोजून मिळते, चौकट २ किलोमीटरचीच ठेवायची. उंदरासाठी हे उत्तम. स्क्विडसाठी निरर्थक: बिंदूंना वेढणाऱ्या बहुभुजात मध्य अमेरिकेची आणि पेरूची जमीनही येते, आणि वस्तीचा आकडा म्हणजे संशोधन-जहाजे कुठे थांबली त्याची मोजदाद.

शेवटी उतरवून घेण्याविषयी. रेड लिस्टवरून शोधाचा निकाल घ्यायला मोफत खाते लागते. झिपमध्ये दर्जांची आणि वर्गीकरणाची फाइल वेगवेगळी येते. अंतर्गत जाती-क्रमांकाच्या रकान्यावरून जोडा, नावावरून नको. जागतिक आणि प्रादेशिक मूल्यमापने एकत्र उतरतात, म्हणून तीच जाती दोनदा दिसली तर मूल्यमापनाच्या कक्षेचा गाळणा ‘जागतिक’वर लावून पुन्हा उतरवा. लांब मजकुराच्या रकान्यांत एचटीएमएलच्या खुणा राहतात, आणि एक्सेलमध्ये थेट दुहेरी टिचकीने उघडले की स्पॅनिश नावांतली अक्षरे मोडतात. आत जाऊन यूटीएफ-८ निवडून आयात करा. प्रोग्रॅममधून माहिती ओढायची असेल तर एपीआयची चौथी आवृत्ती वापरा, तिला स्वतंत्र टोकन मागावे लागते. तिसरीवर लिहिलेले जुने नमुना-कोड आता चालत नाहीत. वापर अव्यावसायिक असेल तरच हे मोफत आहे. नकाशांच्या फाइली मागताना हेतू लिहावा लागतो, आणि त्या तशाच्या तशा पुढे वाटायला परवानगी नाही. कंपनीसाठी काम करत असाल तर आयबॅट या सशुल्क सेवेकडे जावे लागते.